पंखा थांबला की

पंखा थांबला. ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून त्याच्या पोटाच्या नळीतून द्यायचं पातळ अन्न गाळत होती. दुपारचे साडेतीन वाजले होते, रस्त्यावरून रिकाम्या बाटल्यांची गाडी खडखडत चालली होती, शेजारी कुणीतरी भिंतीत खिळा ठोकत होतं, पण एवढ्या सगळ्यातून तिचा कान आतल्या खोलीतल्या त्या एकसुरी घरघरीवर होता. जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली जमीनच लागावी, तसं तिला झालं. गाळणं तसंच भांड्यावर टेकवून, ओल्या हातांनीच ती आत धावली. तीन उशांना टेकून तो जागाच होता, दाराकडे बघत होता. तिने पलंगाला वळसा घातला आणि त्याच्या उशाशी स्टुलावर ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या पेटीवर पालथा हात ठेवला. कोमट. गरम नाही. पडदा काळा. ‘‘परत,’’ ती म्हणाली, त्याला की स्वतःला की पेटीला कोण जाणे. कीबोर्डखालची वही काढून तिने लिहिलं: सहावी वेळ, तीन बत्तीस, काम चालू नव्हतं, पेटी कोमट. त्याचा हात चादरीवरून वर आला होता. तो तिला डोळ्यांच्या कडेला दिसला. ‘‘थांबा हो साहेब, दोनच मिनिटं,’’ असं म्हणून तिने बटण दाबलं, आणि पंखा फिरायला लागल्यावरच तिचा श्वास जागेवर आला.

साहेब ही तिची जुनी थट्टा होती. कारखान्यात तो शिफ्टचा साहेब होता आणि ती टेस्टिंगच्या खोलीतली मुलगी. लग्नानंतर सगळ्यांदेखत ‘अहो’ आणि दोघंच असताना ‘साहेब’, असं पस्तीस वर्षं चाललं. साहेबाचा आवाज ही त्या कारखान्यातली मोठी गोष्ट होती. सकाळची शिफ्ट सुरू व्हायच्या आधी तो कर्ण्यावरून सूचना वाचायचा. यंत्राजवळ सैल कपड्यांनी जाऊ नये, ओल्या हाताने खटका दाबू नये. पुढे कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि त्या सूचना कॅसेटवर भरून घेतल्या. चौदा कॅसेट. त्या लोखंडी कपाटात कधीच्या विसरून गेल्या होत्या. मग त्याच्या घशात गाठ निघाली, स्वरयंत्र काढून टाकावं लागलं, गळ्याला एक भोक आणि त्यात श्वासासाठी एक लहानशी नळी राहिली, आणि वर्षभर पाटीवर खडूने लिहून संसार चालला, तेव्हा त्याचा भाचा एके दिवशी त्या कॅसेट घेऊन गेला. महिन्याभराने जुना डेस्कटॉप आणून त्याने उशाशी बसवला. मामाने टाइप करायचं, कॉम्प्युटर ते मामाच्या आवाजात बोलणार. पहिल्यांदा तो आवाज निघाला तेव्हा ती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती आणि तिला पलंगाची कड धरावी लागली होती. चाळिशीतला आवाज. भरदार, शब्दाशब्दाला सुटा. फक्त तो काहीही बोलला तरी सूचना वाचल्यासारखं वाटायचं. ‘पाणी दे’ म्हटलं तरी कर्ण्यावरून सांगितल्यासारखं. त्यावर दोघं हसले होते. त्याचं हसणं म्हणजे आता नुसतं खांदे हलणं आणि नळीतून फुसफुस.

आणि मग गाठ परत आली, या वेळी खाली, छातीत. डॉक्टर तिच्याशी खोलीत बोलले नाहीत, जिन्याजवळ बोलले. म्हणाले, बाई, आता महिन्यांचा हिशेब नको, आठवड्यांचा करा. ती मान हलवत राहिली. जिन्याच्या कठड्यावर कुणीतरी नखाने रंग खरवडला होता, तेवढंच तिला त्या दिवसाचं नीट आठवतं. घरी येताना तिच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती तिला स्वतःलाही लाजिरवाणी वाटली. आता हा जाणार, आणि त्याआधी याने माझ्याशी एकदा नीट बोलावं. पाणी, उशी, पडदा असलं नाही. माझ्याशी. त्याच्या आवाजात.

कारण खरा आवाज होता तेव्हा तो बोलला नव्हता. हे तिच्या मनात काट्यासारखं होतं, त्याच्यावर पाय पडला की ठणकायचं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी त्यांना दोन दिवस घरी पाठवलं होतं. संमतीचा कागद त्याने तिला न विचारताच सही करून दिला होता, ती औषधं आणायला खाली गेली असताना, आणि ते तिला नर्सकडून कळलं. ठीक आहे, गळा त्याचा होता. पण दोन दिवस. आवाजाचे शेवटचे दोन दिवस, आणि दोघं या घरात एकटी. मूलबाळ नाही, येणारं जाणारं कुणी नाही. ती सारखी काहीतरी निमित्त काढून त्याच्या समोर बसत होती. भाजी निवडायला समोर, कपडे घड्या करायला समोर. तो विजेच्या बिलाबद्दल बोलला. नळाचा वॉशर बदलायला हवा म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी स्ट्रेचरवरून आत नेताना त्याने मान वळवली, तिला वाटलं आता, आणि तो म्हणाला, ‘‘चष्मा सांभाळ.’’ त्या गळ्यातून निघालेलं ते शेवटचं वाक्य. चष्मा तिने सांभाळला. अजून त्याच्या नाकावर तोच आहे.

त्यामुळे तो उशाशी बसवलेला कॉम्प्युटर तिच्यासाठी नुसती सोय नव्हती. पण त्यात एक खोड होती. टाइप केलेलं वाक्य पडद्यावर गेलं की खाली एक निळी पट्टी हळूहळू भरत जायची आणि ती पूर्ण भरली की मग आवाज निघायचा. साधं आठ-दहा शब्दांचं वाक्य असलं तर चाळीस सेकंद. तिने घड्याळ लावून मोजलं होतं. चाळीस सेकंद कागदावर काहीच नाहीत, पण माणसाशी बोलताना चाळीस सेकंद थांबून बघावं. ती काही विचारायची, तो दोन बोटांनी टाइप करायचा, पट्टी सरकत राहायची, तेवढ्यात कुकरची शिट्टी व्हायची, नाहीतर तिच्या डोळ्यांसमोर दुसरंच काही येऊन जायचं, आणि उत्तर यायचं तेव्हा प्रश्न शिळा झालेला असायचा. असं कोण बोलणार मनातलं? दोन शिलेदार मैदानाच्या दोन टोकांना उभे राहून ओरडताहेत, तसलं ते बोलणं. तिने ठरवून टाकलं की हा जो उशीर आहे त्याच्यामुळेच तो बोलत नाही. उशीर काढला की बोलेल.

भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, मामी, प्रोसेसर जुना आहे, तेवढा वेळ घेणारच. नवीन घ्यायला आठवडे लागतील, माझं सगळं पुन्हा बसवावं लागेल. तिने विचारलं, आहे त्यालाच जोरात पळवता येत नाही का? पलीकडून आधी ‘काय?’ आलं. मग तो हसला. ‘‘मामी, या वयात लोक स्वेटर विणतात. तू ओव्हरक्लॉकिंग करणार?’’ ती म्हणाली, ‘‘तुझ्या वयाची होते तेव्हा मी रोज चारशे पॉवर सप्लाय जाळून बघत होते. तू फक्त आकडे कुठे असतात ते सांग.’’ त्याने सांगितलं. कारखान्यातून प्रोसेसर ठरावीक वेगाला बांधून येतो. याचा आकडा छत्तीस. तो एकेकाने वाढवता येतो. वाढवला की विजेचा दाबही जरा वाढवावा लागतो, दाब वाढला की उष्णता वाढते, आणि कुठेतरी एक रेघ असते, प्रत्येक नगाची वेगळी, तिच्या पलीकडे तो टिकत नाही. ती रेघ कुठे आहे ते कोणी सांगू शकत नाही, ओलांडून बघावी लागते. हे तो तिला समजावून सांगत होता आणि ती फोन कानाला धरून गालातल्या गालात हसत होती. कुणाला सांगतोयस बाबा.

टेस्टिंगची ती खोली लांबट आणि बुटकी होती. दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर ओळीने पेट्या, आणि खोलीचं तापमान मुद्दाम पंचावन्नवर ठेवलेलं. अठ्ठेचाळीस तास प्रत्येक पेटीने पूर्ण भार घेऊन तिथे जगायचं. जी मरणार असते ती बहुतेक पहिल्या काही तासांतच मरते, जी जगली ती पुढे वर्षानुवर्षं जगते. पुरुष त्या खोलीत टिकत नसत, चक्कर येते म्हणून तक्रार करत, म्हणून तिथे मुली. ब्लाउज पाठीला चिकटलेले, केस मानेला चिकटलेले, आणि दर अर्ध्या तासाला वहीत आकडे. त्यांना शिकवणारा म्हातारा सगळ्यांचा मास्तर होता. तो म्हणायचा, एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्यास आणि दोष गेला, तर कुणामुळे गेला ते तुला मरेपर्यंत कळणार नाही. आणि म्हणायचा, मीटर काय सांगतो ते नंतर, आधी तुझा कान आणि तुझी वही. सहा महिन्यांत तिचा कान असा झाला की दाराशी उभं राहून ती सांगू शकायची, तिसऱ्या ओळीतली शेवटून दुसरी जाणार. जायचीच. साहेब पहिल्यांदा तिच्याशी बोलला तो त्यामुळे. दाराशी येऊन म्हणाला, कोणती जाणार ते तुम्ही आधीच सांगता म्हणे. ती घामाने निथळत होती आणि तिला त्या आवाजाकडे वर बघवलं नव्हतं.

तर ती कामाला लागली. पेटीचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलं. प्रोसेसरवरचा पंखा आणि धातूची जाळी उतरवली तर उष्णता वाहून नेणारी मधली पेस्ट वाळून खडू झाली होती. ती पुसली, नवीन वाटाण्याएवढी लावली, तेवढ्यानेच बारा अंश उतरले. सदतीस केला, अडतीस केला. दरवेळी प्रोसेसरला राबवणारा एक प्रोग्राम दोन-दोन तास लावून ठेवायचा, तापमान दर अर्ध्या तासाला वहीत. एक्केचाळीसला पहिल्यांदा पडदा गोठला. दाब चिमूटभर वाढवला, गोठायचा थांबला. त्रेचाळीस, चव्वेचाळीस. पंचेचाळीसला पंधरा मिनिटांत कोसळला, दाब वाढवून चाळीस मिनिटांत कोसळला, आणखी वाढवला तर नव्वद अंशांच्या पुढे जाऊन आपणहूनच दमाने चालायला लागला. म्हणजे रेघ इथे. ती एक पाऊल मागे आली. चव्वेचाळीसला त्याने अख्खा दिवस काढला, सकाळच्या नर्सपासून दिवेलागणीपर्यंत. या सगळ्याला चार दिवस गेले. त्या चार दिवसांत तिला भूक चांगली लागली, गुडघा दुखला नाही, आणि हे लक्षात आल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नर्स गळ्याची नळी साफ करता करता म्हणाली, ‘‘आजी, आता तुमच्याकडे दोन पेशंट झाले. एकाला तरी मी बघते म्हणून बरं.’’ तिघंही हसली.

शेवटची परीक्षा अर्थात आवाजाची. भार नेहमी सारखा हवा, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही. म्हणून तिने एक वाक्य ठरवून टाकलं होतं. आज हवा बरी आहे, खिडकी जरा उघडी ठेव. प्रत्येक बदलानंतर तेच वाक्य, पाच वेळा, घड्याळ लावून. साहेब उशांना टेकून स्वतःच्या आवाजाला खिडकी उघडी ठेवायला सांगताना ऐकायचा. पहिल्या दिवशी त्याचे खांदे हलले. एकदा तर ती सवयीने उठून खिडकी उघडूनच आली, आणि तेव्हा तो इतका हसला की नळीतून कफ आला. तिसऱ्या दिवसानंतर तो त्या वेळी डोळे मिटून घ्यायला लागला. तिला वाटलं झोप. छत्तीसला चाळीस सेकंद लागायचे, चव्वेचाळीसला तेहतीस. तिने अभिमानाने भाच्याला कळवलं. तो म्हणाला, ‘‘सात सेकंदांसाठी, मामी?’’ तिने फोन ठेवला. तो चांगला मुलगा होता, त्याला काय माहीत. सात सेकंदांत माणूस काय काय बोलून जातो.

आणि तेव्हाच ती दुसरी भानगड सुरू झाली. पाचव्या दिवशी दुपारी पंखा थांबला. पडदा गोठला नाही, कसली सूचना नाही, ती स्वयंपाकघरात होती आणि आत सगळं गप्प झालं. धावत आली, चालू केलं, दोन तास राबवून बघितलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी परत. त्याच्या दुसऱ्या दिवशी दोनदा. तिला यात सगळ्यात खुपत होतं ते हे, की भार असताना तो कधीच पडत नव्हता. ती समोर बसून राबवत असली की गुणी बाळासारखा चालायचा. काम नसताना, नुसता पडून असताना मरायचा. असला दोष तिने आयुष्यात पाहिला नव्हता. भाच्याला विचारलं तर त्याने सांगितलं, होतं असं कधी कधी, काम नसलं की प्रोसेसर दाब उतरवून अर्धवट झोपतो, तिथे दाब फारच कमी पडला तर उठता उठता कोसळतो. तिने ती झोपच बंद करून टाकली. तरी पडला. मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून, जागा बदलून बसवल्या. पडला. भिंतीतला प्लग बदलला, वायर बदलली. एका वेळी एकच. वहीची पानं भरत गेली. दिवसाचे तास ती त्याच्या पलंगाच्या या बाजूला, त्याच्याकडे पाठ करून, स्टुलाशी वाकलेली असायची, आणि उरलेल्या वेळात स्वयंपाकघरात, कान आत लावून. त्याच्याकडे एक पितळेची घंटीही होती. ती वाजली की ती म्हणायची, ‘‘आले, आले,’’ आणि हातातलं काम, धुऊन, पुसून, झाकून मगच जायची. पंखा थांबला की मात्र ती हातातलं टाकून यायची. हे तिच्या कधी ध्यानात आलं नाही. कान आणि वही, दोन्ही तिच्याजवळ होते.

सहाव्या वेळेनंतर तिने हात टेकले. दुसऱ्या दिवशी सकाळी, नर्स जाताच, सगळे आकडे पुसून कारखान्यातून आले तसे केले. छत्तीस. मूळ दाब. पुन्हा चाळीस सेकंद. ‘‘हरले हो साहेब,’’ ती पेटीचं झाकण लावत म्हणाली. ‘‘तुमचा आवाज आपला चालीचालीनेच येणार.’’ त्याने हात पुढे केला होता, तिने तो थोपटला आणि आंघोळीला गेली. ती बाहेर आली, केस पुसत होती, आणि पंखा थांबला.

आता ती धावली नाही. पंचा हातात घेऊन ती जागच्या जागी उभी राहिली. मूळ आकड्यांवर, नवीन पेस्ट, थंड सकाळ, काही काम नाही, आणि बंद. म्हणजे ती आठवडाभर ज्याच्या मागे लागली होती तो वेगाचा दोष नव्हताच. ती आत आली, भाच्याला फोन लावला, फोन खांद्यात धरून पेटी चालू केली. तो म्हणाला, मामी, तू तुझ्या वहीत लिहितेस ते ठीक, पण कॉम्प्युटरचीही एक नोंदवही असते, ती बघितलीस का? तिने बघितली नव्हती. मीटर काय सांगतो ते नंतर. त्याने कुठे जायचं ते एकेक करून सांगितलं, आणि पडद्यावर तारीखवार ओळी आल्या. पहिल्या चार दिवसांतले पेटीचे सगळे खरे मृत्यू तिथे होते: नीट बंद न होता थांबला, नीट बंद न होता थांबला. आणि पाचव्या दिवसापासून पुढे सातही वेळा दुसरंच लिहिलेलं होतं. तिने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नीट बंद केलं. कारण, पॉवरचं बटण. तीन बत्तीस, पॉवरचं बटण. ‘‘काय दिसतंय?’’ भाच्याने विचारलं. ती म्हणाली, नंतर करते फोन.

पेटी स्टुलावर होती. स्टूल उशाशी होतं. बटण पलंगाकडच्या कोपऱ्यात होतं, तिनेच तशी वळवून ठेवली होती, झाकण काढायला सोपं म्हणून. खोलीत आता खूप ऊन आलं होतं. ते त्याच्या चेहऱ्यावर पडलं होतं, आणि गेले कित्येक दिवस या वेळी ते तसंच पडत असणार, खिडकीचा पडदा थोडा ओढायला हवा होता. गाल आत गेले होते. गळ्याच्या पट्टीखाली हाडांची एक खळगी तयार झाली होती, तिच्यात छोटी सावली होती. हे कधी झालं? ती रोज त्याला पुसत होती, उलटं पालटं करत होती, रोज तीन वेळा पोटाच्या नळीतून भरवत होती.

‘‘बटण तुम्ही दाबता,’’ ती म्हणाली.

त्याने मान हलवली. हो. चोरी पकडल्यासारखं काही नव्हतं त्याच्या चेहऱ्यावर.

ती पलंगाच्या कडेवर बसली. तिला राग यायला हवा होता, पण तिच्या डोक्यात ते खिडकीचं वाक्य घुमत होतं, त्याच्याच आवाजात, शंभरदा, दीडशेदा. तिला वाटलं कळलं. माणूस अंथरुणाला खिळलेला, आणि त्याच्या उशाशी त्याचाच तरुण आवाज घेऊन बायको परीक्षा घेतेय. कुणीही बंद करेल. ती म्हणाली, ‘‘चुकलं माझं. मी दुसरं काहीतरी वाजवायला हवं होतं. तुम्हाला तो आवाज नकोसा झालाय ना? सांगायचं होतं, मी काढून टाकला असता.’’

तो नाही म्हणाला, मानेने. पाटी मागितली. खडूचा तुकडा त्याच्या बोटांतून दोनदा निसटला. त्याने लिहिलं, आणि पाटी तिच्याकडे वळवली.

मशीन बंद पडलं की तू येतेस.

तिने ते वाचलं. अक्षर अजून चांगलं होतं त्याचं. खाली स्टुलाजवळ वही पडली होती, तिच्यात त्याने तिला बोलावल्याच्या सगळ्या वेळा तिच्याच हाताने लिहिलेल्या होत्या, मिनिटासकट, आणि पुढे पेटी गरम होती की कोमट. तो कसा होता ते एकदाही नाही. सहा वेळा ती या दारातून धावत आत आली होती. ‘थांबा हो साहेब.’ ‘दोनच मिनिटं.’ ती त्याला वळसा घालून जात होती. तो पाटी पुसून पुन्हा लिहीत होता.

एक सांगायचंय. समोर बस.

‘‘लिहा ना,’’ ती म्हणाली. ‘‘मी वाचते.’’

त्याने पाटी बाजूला ठेवली. लिहायचं नव्हतं. बोटाने कीबोर्ड दाखवला. तिने तो त्याच्या मांडीवर ठेवला, मागची उशी वर केली, चष्मा सरळ केला. तो दोन बोटांनी टाइप करायला लागला. पडद्याचं तोंड तिने त्याच्याकडे वळवून दिलं होतं, त्यामुळे तिला अक्षरं दिसत नव्हती, फक्त त्याच्या चष्म्याच्या काचांत एक निळसर चौकोन दिसत होता. खूप वेळ लागला. मध्ये एकदा तो थांबला, काहीतरी खोडलं, पुन्हा लिहिलं. मधेच दम खात होता. मग एक कळ जोरात दाबली आणि हात चादरीवर सोडून दिले. पंख्याचा आवाज चढला. वाक्य लांब असणार, पट्टीला आज चाळीसपेक्षा जास्त लागणार होते.

तिला घड्याळ लावायची आठवण झाली नाही. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तो तिच्या. हे एवढं सरळ त्यांनी शेवटचं कधी एकमेकांकडे बघितलं होतं? त्याच्या डाव्या डोळ्यात एक शीर फुटली होती. खालच्या ओठाला भेग होती, तिला साय लावायला हवी. तो काय सांगणार ते तिला ठाऊक नव्हतं, पण तो तिला जपून बघत होता, वजन उचलायला दिलेल्या माणसाकडे बघतात तसं, हिला झेपेल की नाही. इतके दिवस जिच्या सेकंदासेकंदासाठी ती झगडली ती पट्टी आता काचेत सरकत होती, आणि तिला वाटलं, सावकाश. आणखी सावकाश. रात्र लागू दे. कुठेतरी मध्येच गोठू दे. त्या जुन्या प्रोसेसरकडे तिने कधी काही मागितलं नव्हतं ते मागितलं. पण आता तो त्याच्या मूळ वेगावर होता, त्याला काहीही होणार नव्हतं.

आवाज आला. खोलीभर, भरदार, एकेक शब्द सुटा.

‘‘उद्यापासून नळीतून काही घालू नकोस. पाणी चालेल. डॉक्टरांना तू सांग, मला त्यांच्याशी वाद घालायची ताकद नाही. मला भूक लागत नाही आता, तू भरवतेस म्हणून मी घेतो. तू दमलीस म्हणून म्हणत नाही, मी दमलो म्हणून म्हणतो. घाबरू नकोस.’’

सूचना वाचल्यासारखं. एकही शब्द तुटला नाही, कुठे अडखळलं नाही. शेवटचे दोन शब्द त्या आवाजाने पस्तीस वर्षांत तिला कधी म्हटले नव्हते, चौदा कॅसेटमध्ये कुठेही नव्हते. ते यंत्राने दुसऱ्याच कुठल्या शब्दांच्या तुकड्यांतून जुळवून काढले असणार, सैल कपड्यांच्या, खटक्याच्या. पण टाइप त्याने केले होते. दोन बोटांनी, दम खात.

पंखा हळूहळू उतरला. बाहेर कुणीतरी कुणाला तरी वरच्या मजल्यावर हाक मारत होतं. त्याला वाटलं असेल की तिने नीट ऐकलं नाही. त्याचं बोट पुन्हा त्या कळेकडे निघालं, तेच वाक्य आणखी एकदा ऐकवायला. तिने पुढे वाकून कीबोर्डवर पंजा ठेवला. त्याचं बोट तिच्या हाताखाली आलं, थंड, हलकं.

‘‘ऐकलं मी,’’ ती म्हणाली. ‘‘एकदा पुरे.’’